नव्या कलेसमोर एक विद्यार्थी

चित्रप्रदर्शनातून बाहेर पडणाऱ्या माणसाला 'कसे वाटले?' असे विचारले, तर तो बहुधा दोहोंपैकी एक उत्तर देतो. एक तर 'छान होते', नाही तर 'काही कळले नाही बुवा'. पहिले उत्तर सभ्यतेचे आणि दुसरे प्रांजळपणाचे, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्या दालनात त्या माणसाच्या मनाचे प्रत्यक्ष काय झाले, हे या दोन्ही उत्तरांतून समजत नाही. तो कुठे थबकला, कुठे कंटाळला, कुठे त्याला राग आला, कुठे उगाचच एखादी जुनी आठवण झाली, हे सारे त्याच्याजवळच राहून जाते. आणि चार दिवसांनी त्याचे त्यालाही ते आठवत नाही. मला वाटते, नव्या कलेच्या बाबतीत आपले जे नुकसान होते, ते मुख्यतः असे होते.

म्हणून आजच्या या भाषणात कलेचा एक विद्यार्थी या नात्याने मी काही निरनिराळ्या कलाप्रकारांसमोर उभे राहून पाहणार आहे. चित्र, शिल्प, मांडणशिल्प, व्हिडिओ, आणि कलावंताचा देह हेच जिचे माध्यम आहे अशी कृतिरूप कला. यांच्यापुढे मनात पहिल्याप्रथम काय उमटते आणि त्या उमटण्याचे पुढे काय करावे, एवढाच माझा विषय आहे. विद्यार्थी म्हणजे कलाशाळेच्या हजेरीपटावर ज्याचे नाव आहे तो, असा अर्थ येथे घेण्याचे कारण नाही. पाहिलेल्या गोष्टीविषयी स्वतःला प्रश्न विचारणारा प्रत्येक जण या अर्थाने विद्यार्थीच होय.

या विद्यार्थ्याची शिदोरी कोणती असते, हे आधी पाहू. मराठी घरात वाढलेल्या मुलाने पहिले चित्र पाहिलेले असते ते देवघरात किंवा दिनदर्शिकेवर. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे घरोघर पोहोचली. पुढे दिवाळी अंकांनी मराठी माणसाला चित्राची गोडी लावली. दीनानाथ दलालांची मुखपृष्ठे कापून भिंतीवर लावणारी घरे थोडीथोडकी नव्हती. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा आल्या. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र या शब्दांशी परिचय झाला. तांब्याच्या कडेवरचा उजेड नेमका कुठे पडतो, हे तेथे शिकायला मिळाले. ही शिदोरी मोलाची आहे, ती टाकून देण्याजोगी मुळीच नाही. पण तिच्यातून एक समजूत मनात घट्ट बसते : चित्र म्हणजे कशाचे तरी चित्र. आणि 'कशाचे?' या प्रश्नाला जेथे उत्तर मिळत नाही, तेथे हा विद्यार्थी अडतो.

अशा अडलेल्या विद्यार्थ्याला आपण गायतोंड्यांच्या चित्रासमोर उभे करू. वासुदेव गायतोंडे यांचा जन्म १९२४ मध्ये नागपूरला झाला. घराणे मूळ गोव्याकडचे, शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत, आणि अखेरची अनेक वर्षे दिल्लीत. २००१ मध्ये ते निवर्तले. 'अमूर्त' या शब्दापेक्षा 'वस्तुनिरपेक्ष' या अर्थाचा शब्द ते आपल्या चित्रांसाठी पसंत करीत. त्यांच्या उत्तरकालीन चित्रात काय असते? एखादा पिवळा, करडा किंवा हिरवट रंग सबंध कॅनव्हासभर पसरलेला. त्यात मधूनच अक्षरांसारख्या, पण कोणत्याच लिपीत नसलेल्या खुणा. बस्स. माणूस नाही, झाड नाही, क्षितिजही धडपणे नाही.

पहिल्या मिनिटाला माझ्या मनात उमटले ते असे : 'येथे काहीच नाही.' दुसऱ्या मिनिटाला थोडी चिडचिड झाली. परंतु तेथून न हलता उभे राहिले, तर एक गोष्ट घडू लागते. जो रंग सपाट वाटत होता, त्याच्या खाली दुसरा रंग आहे, त्याच्याही खाली तिसरा आहे, असे दिसू लागते. विहिरीत डोकावले असता आधी नुसते पाण्याचे तोंड दिसते, आणि डोळा सरावल्यावर खालची पायरी दिसते, तसे. हा भास कुठून येतो याला साधे कारण आहे. गायतोंडे रूळ आणि रंगाची सुरी वापरून पारदर्शक रंगाचे थर चढवीत, काही खरवडून काढीत, पुन्हा चढवीत. वर्षाकाठी त्यांच्या हातून मोजकीच चित्रे पुरी होत. ज्या पृष्ठभागात इतका काळ मुरलेला आहे, तो पाहणाऱ्याकडूनही काळ मागणार, हे उघड आहे. आपण रेडिओवर यमनचा आलाप ऐकतो, तेव्हा 'हा सूर कशाचा?' असे विचारीत नाही. सुराला वेळ देतो. कानाला जे सौजन्य आपण सहज दाखवतो, तेच डोळ्याला दाखवावयास आपण तयार नसतो, इतकेच. तेव्हा 'येथे काहीच नाही' ही माझी पहिली प्रतिक्रिया निरुपयोगी नव्हती. हे चित्र ओळखीची वस्तू हातात देत नाही, ही त्या चित्राची खरी आणि मुख्य गोष्ट तिने मला पहिल्याच मिनिटात सांगितली होती.

याच्या अगदी उलट अनुभव सुधीर पटवर्धनांच्या चित्रांपुढे येतो. १९४९ मध्ये पुण्यात जन्मलेले पटवर्धन व्यवसायाने क्ष-किरणतज्ज्ञ. ठाण्यात अनेक वर्षे त्यांनी तो व्यवसाय केला आणि त्याच काळात गिरणगावातली, लोकलमधली, इराण्याच्या हॉटेलातली, पुलाखालची माणसे रंगवली. येथे अडण्याचा प्रश्नच येत नाही. 'हा गृहस्थ मी पाहिलेला आहे!' ही पहिली प्रतिक्रिया, आणि तिच्यात ओळख पटल्याचा निर्भेळ आनंद असतो. दिल्लीत किंवा इंदुरात राहणाऱ्या मराठी माणसाला तर या चित्रांत एकदम मुंबई भेटते.

पण या आनंदालाही एक प्रश्न विचारलाच पाहिजे. ओळख पटली म्हणजे पाहणे संपले काय? पुन्हा पाहिले तर ध्यानात येते की यातले कित्येक देखावे एका जागी उभे राहून दिसणारच नाहीत. पूल वरून दिसतो आहे, रस्ता समोरून, आणि इमारत बाजूने. देह जड आहेत, थकलेले आहेत, आणि गर्दीत असूनही एकमेकांकडे पाहत नाहीत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा जो संप सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. त्यानंतर गिरणगाव पूर्वीचे राहिले नाही. चिमण्यांच्या शेजारी काचेचे मनोरे उभे राहिले. ही बातमी आपण वाचलेली असते; पण एकाच शहरात दोन शहरे एकमेकांत घुसली म्हणजे पाहणाऱ्याच्या डोळ्याला उभे राहायला एक जागा उरत नाही, हे मला चित्राने दाखवले. सारांश, 'कळले नाही' येथे थांबणे जसे अपुरे, तसेच 'कळले' येथे थांबणेही अपुरेच.

ओळखीची आणखी एक अडचण आहे. वारली चित्र समोर आले की आपण चटकन म्हणतो, 'ही लोककला. ही ठाऊक आहे.' साड्यांवर, पिशव्यांवर, हॉटेलांच्या भिंतींवर ती इतकी छापली गेली आहे की पाहण्याआधीच ती पाहून झालेली असते. जिव्या सोमा मशे यांच्या मोठ्या चित्रापुढे मात्र हा निकाल टिकत नाही. लग्नघरातला चौक लिहिण्याचे काम परंपरेने सवाशिणींचे; मशे यांनी ती लिपी उचलली आणि १९७० नंतरच्या दशकांत ती नित्याची, स्वतंत्र चित्रभाषा केली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. मासेमारीच्या जाळ्याचा विषय त्यांनी अनेकदा हाताळला. अतिशय बारीक रेषांचे ते जाळे कॅनव्हासवर असे फुगत जाते की जाळ्याबाहेरचे मासे, माणसे आणि झाडे जणू त्याच्या काठाला येऊन थबकतात. शेणमातीच्या रंगावर पांढरा रंग, याखेरीज दुसरे काही नाही. १९८२ मध्ये भोपाळला भारत भवन उभे राहिले, तेव्हा चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांनी आदिवासी कलावंतांची आणि शहरी कलावंतांची चित्रे एकाच छताखाली, बरोबरीच्या नात्याने मांडली. जो आज जिवंत आहे आणि आज काढतो आहे, तो समकालीनच, असा त्यामागचा रोखठोक विचार होता. विद्यार्थ्याने तो मनाशी बाळगण्याजोगा आहे.

चित्रासमोर आपण उभे राहतो. शिल्पाभोवती आपल्याला फिरावे लागते. वाक्य साधे आहे, पण त्यामुळे प्रतिक्रियेची जातच पालटते. मृणालिनी मुखर्जी यांचे शिल्प मी पाहिले तेव्हा आधी बोलले ते पाय. मुंबईत १९४९ मध्ये जन्मलेल्या आणि बडोद्याच्या कलाशाळेत के. जी. सुब्रमण्यन यांच्या हाताखाली शिकलेल्या या शिल्पकर्तीने दगड आणि ब्राँझ बाजूला ठेवून वाखाचा दोर हाती घेतला. दोर रंगवायचा, आणि गाठीमागून गाठ मारीत माणसाहून उंच आकृती उभी करायची. यक्षी, वनश्री अशी त्यांतल्या काहींची नावे. समोरून पाहावे तर आसनस्थ देवता. बाजूने पाहावे तर उमललेले भले थोरले फूल. मागे जावे तर नुसत्या गाठी, दोर आणि अंधाऱ्या पोकळ्या. जवळ जावे, हात लावावा असे वाटते, आणि त्याच क्षणी एक पाऊल मागेही घ्यावेसे वाटते. कोकणातल्या देवराईत शिरताना जो संकोच होतो, त्याच्याशी याचे नाते आहे. दोर ही गोठ्यातली, गाडीवरची, खाटेची वस्तू. तीच येथे देवतेचे रूप घेते. ओढही वाटावी आणि धाकही वाटावा, हा माझा अनुभव त्या वस्तूच्या घडणीतच ओवलेला होता, हे मागची बाजू पाहिल्यावर समजले.

यापुढचे पाऊल मांडणशिल्पाचे. येथे कलावंत एक जागाच रचतो, आणि पाहणाऱ्याने तिच्यात शिरावे अशी अपेक्षा असते. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ या दोन महिन्यांत मुंबईत झालेल्या दंगलींत, श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार, ९०० माणसे मेली. त्या दिवसांत वर्तमानपत्रात एक छायाचित्र आले होते : रस्त्याच्या कडेला एक माणूस मरून पडला आहे. चित्रकार विवान सुंदरम् यांनी ते छायाचित्र घेऊन १९९३ मध्ये 'मेमोरियल', म्हणजे स्मारक, या नावाची कृती रचली. ते एकच छायाचित्र पुनःपुन्हा येते. त्यावर खिळे ठोकलेले आहेत. आणि पत्र्याच्या ट्रंका एकावर एक रचून एक कमान केलेली आहे.

येथे माझ्या मनात जे उमटले त्याला मी 'आवडले' किंवा 'नावडले' यांपैकी कोणताच शब्द लावू शकत नाही. मला अवघडल्यासारखे झाले. येथे हात जोडायचे की बारकाईने पाहायचे? रोजच्या वर्तमानपत्रात मृत माणसाचे छायाचित्र आले तर आपण पान उलटतो, आणि दुपारपर्यंत त्या कागदात शेंगदाणे बांधले जातात. या कृतीत पान उलटण्याची सोयच नाही. राजा-महाराजांना आणि सेनापतींना कमानी असतात. या माणसाला घरोघरच्या खाटेखालची ट्रंक मिळाली. अवघडलेपण ही एरवी आपण झटकून टाकायची भावना. पण या कृतीला माझ्याकडून नेमकी तीच हवी होती असे मला वाटते.

कोचीच्या तिसऱ्या द्वैवार्षिक प्रदर्शनात, २०१६ च्या डिसेंबरात, चिलीचे कवी राउल झुरिता यांनी एक जुने गोदाम गुडघाभर समुद्राच्या पाण्याने भरले होते. भिंतींवर लिहिलेले वाचायचे तर वहाणा काढून, विजार वर दुमडून पाण्यातून पलीकडे चालत जावे लागे. ही कृती गालिप कुर्दी या मुलाला अर्पण केलेली होती. २०१५ मध्ये भूमध्य समुद्रात निर्वासितांची नाव बुडाली आणि आलान कुर्दी या बालकाचे किनाऱ्यावर पडलेले शव साऱ्या जगाने छायाचित्रात पाहिले. गालिप हा त्याचा थोरला भाऊ, त्याच वेळी बुडालेला. त्याचे छायाचित्र मात्र जगासमोर आले नाही. पाण्यात पाऊल टाकताना कपडे भिजण्याची कुरकूर मनात असते. शब्द वाचून परतताना तेच पाणी पायांना जड लागते. पाणी बदललेले नसते. त्या दोन अनुभवांमधले अंतर हाच त्या कृतीचा आशय होय.

पत्र्याची ट्रंक मला पुन्हा भेटली ती नलिनी मालानी यांच्या कृतीत, आणि तीही वेगळ्याच कलाप्रकारात. मालानी यांचा जन्म १९४६ चा, कराचीतला. फाळणीने त्यांच्या कुटुंबाला इकडे आणले. १९९८ च्या मे महिन्यात भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांनी अणुचाचण्या केल्या, त्याच वर्षी त्यांनी 'रिमेंबरिंग टोबा टेक सिंग' ही व्हिडिओ-मांडणी केली. नाव सआदत हसन मंटो यांच्या कथेवरून घेतलेले. फाळणीनंतर दोन देशांनी आपापल्या वेड्यांच्या इस्पितळांतल्या माणसांची अदलाबदल केली, ही त्या कथेची कल्पना. मालानींच्या दालनात जमिनीवर पत्र्याच्या उघड्या ट्रंका आहेत, त्यांत दूरचित्रवाणीचे संच चालू आहेत. आणि भिंतींवर मोठी चलत्-चित्रे पडतात.

व्हिडिओ-कलेपुढे विद्यार्थ्याची पहिली अडचण असते ती अधीरतेची. चित्रपटाला आरंभ आणि शेवट असतो, तिकिटावर वेळ असते. येथे आपण मध्येच शिरतो, आणि पुढे काय होणार याची वाट पाहत मध्येच उठतो. माझीही चुळबूळ चालू होती. मग समोरासमोरच्या दोन भिंतींवर दोन स्त्रिया दिसल्या. एकच साडी दोघींनी मिळून घडी घालावी, असा त्यांचा प्रयत्न चालला होता. श्रोतेहो, नऊवारी लुगड्याची घडी दोघींनी घालताना आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. दोघी दोन टोके धरतात, ताण देतात, मग एकमेकींकडे चालत येतात. एकीच्या हातातले टोक दुसरीच्या हातात जाते, आणि घडी होते. घरातली इतकी साधी कृती दुसरी नसेल. येथे त्या दोघी दोन भिंतींवर, म्हणजे दोन देशांत आहेत. त्यांना एकमेकींकडे चालत येता येत नाही. आणि मधल्या रिकाम्या जागेत पाहणारा उभा असतो. हे ध्यानात आल्यावर माझी अधीरता गेली नाही. ती त्या साडीची झाली. घडी एकदा पुरी व्हावी असे वाटत राहिले, आणि ती होणार नाही हेही कळत राहिले.

शेवटचा प्रकार सर्वांत अवघड, कारण तो मागे काहीच ठेवीत नाही. गोव्यात राहणारे कलावंत निखिल चोप्रा २०१९ च्या सप्टेंबर महिन्यात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात सलग नऊ दिवस राहिले. संग्रहालयाच्या दालनांतून फिरत, वेष पालटीत, लोकांच्या देखत ते चित्रे काढीत होते. 'मग हे नाटक का नव्हे?' हा पहिला प्रश्न. आपल्याला बहुरूपी ठाऊक आहे. आज पोलीस, उद्या साधू होऊन तो दारात येई. पण बहुरूपी सोंग वठवून बिदागी घेऊन जातो. येथे संहिता नाही, मध्यंतर नाही. थकवा, भूक, झोप हीदेखील कृतीचाच भाग. या कृतीची छायाचित्रेच मी पाहिली आहेत, आणि ती पाहताना हुरहुर लागते. आपण तेथे नव्हतो, ही जाणीव चित्राच्या प्रतिकृतीपुढे इतकी बोचत नाही. गाण्याची बैठक हुकल्यावर ती बोचते. हुरहुर लागणे हीदेखील एक प्रतिक्रियाच, आणि कलेचा एक भाग काळाबरोबर नाहीसा होण्यासाठीच जन्माला येतो, हे तिच्यामुळे समजते.

आता या सर्व प्रतिक्रियांचे करायचे काय? माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. पहिली प्रतिक्रिया ही साक्ष आहे, निवाडा नव्हे. साक्षीदाराने आपण जे पाहिले, आपल्याला जे झाले, ते जसेच्या तसे सांगायचे असते. ते लपवायचे नसते, आणि न्यायाधीशाच्या खुर्चीत जाऊनही बसायचे नसते. आपल्याकडे घोटाळा होतो तो या दोन जागांची अदलाबदल केल्यामुळे.

याची किंमत किती जबर असू शकते, हे मुंबईने १९५४ मध्ये पाहिले. जहांगीर कलादालन उघडून त्या वेळी दोनच वर्षे झाली होती. तेथे अकबर पदमसी या तरुण चित्रकाराच्या प्रदर्शनातील स्त्री-पुरुषांची दोन चित्रे अश्लील आहेत, असे ठरवून पोलिसांनी ती काढून घ्यायला सांगितली. पदमसींनी नकार दिला, आणि खटला उभा राहिला. न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. कुणाला त्या चित्रांपुढे संकोच वाटला असेल, तर तो वाटणे स्वाभाविक होते. ती त्याची साक्ष होती. त्या संकोचाचा एकदम हुकूम झाला, तेथे प्रश्न उत्पन्न झाला.

उलट दिशेनेही असेच होते. एखाद्या चित्राची किंमत ऐकली की आपली साक्ष आपणच मागे घेतो. २०२५ च्या मार्च महिन्यात मकबूल फिदा हुसेन यांचे 'ग्राम यात्रा' हे १९५४ चे चित्र न्यूयॉर्कच्या लिलावात ११८ कोटी रुपयांवर गेले. तेच चित्र त्यापूर्वी अनेक दशके ऑस्लोच्या एका इस्पितळात भिंतीवर टांगलेले होते. तेथून जाणारे-येणारे त्याच्यावरून नजर फिरवून पुढे जात असणार. चित्र तेच; आदर मात्र आकड्याबरोबर आला. लोकांनी मान डोलावली म्हणून आपणही डोलावली, तर आपल्या डोळ्यांचे काम त्या लिलावाने केले असे होईल.

आणि तिसरा निवाडा तर आपण हसत हसत देतो : 'हे तर मीही केले असते!' १९१७ मध्ये मार्सेल द्यूशाँ यांनी मुतारीतले एक चिनीमातीचे भांडे आडवे ठेवून, खोटी सही करून, न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनाकडे पाठवले, तेव्हापासून हे वाक्य जगभर म्हटले जात आहे. शुल्क भरणाऱ्या प्रत्येकाची कृती मांडण्याचे ज्या संस्थेने जाहीर केले होते, तिनेच ते भांडे मांडले नाही. प्रश्न हातोटीचा नव्हताच. एखादी वस्तू कलाकृती ठरते ती कुणाच्या सांगण्यावरून, हा होता. आणि त्या संस्थेने स्वतःच्याच वागण्याने तो सिद्ध करून दाखवला. 'मीही केले असते' असे मनात आले, तर तेही लिहून ठेवावे. आणि पुढे विचारावे, 'मग मी ते का केले नाही?'

लिहून ठेवावे, असे मी मुद्दाम म्हणतो. प्रदर्शनाला जाताना एक साधी वही बरोबर न्यावी. कृतीजवळच्या पाटीवरचे नाव व माहिती वाचण्याआधी आपल्याला काय झाले ते एका वाक्यात लिहावे. 'मला कंटाळा आला' हे वाक्यही चालेल. त्याखाली समोर काय आहे त्याची नोंद करावी : आकार केवढा, वस्तू कोणती, उजेड कुठून येतो, आपण कुठे उभे आहोत. विशेषणे कटाक्षाने टाळावीत. मग वरच्या ओळीला खालच्या ओळींतले काय कारण झाले, ते शोधावे. पाटी त्यानंतर वाचावी, समीक्षकाचे मत त्याहून नंतर, आणि किंमत सर्वांत शेवटी. जमल्यास आठवड्याने पुन्हा जाऊन तेच पाहावे. मराठीत या प्रकारच्या पाहण्याला एक चांगला सोबतीही आहे : चित्रकार प्रभाकर बरवे यांचे 'कोरा कॅनव्हास' हे १९९० मध्ये निघालेले पुस्तक. पान, घड्याळ, ढग अशा नित्याच्या वस्तूंकडे चित्रकार कसा पाहतो, याविषयी त्यांनी आपल्या भाषेत शांतपणे लिहिले आहे.

असा उद्योग कशासाठी करायचा, असे कुणी विचारील. कलेवाचून कुणाचे अडत नाही, असे म्हणण्याचीही आपल्याकडे पद्धत आहे. पण विद्यार्थिदशेतल्या माणसाजवळ स्वतःचे असे फार थोडे असते. ज्ञान शिक्षकांचे असते, मते वडीलधाऱ्यांची असतात, आवडी बाजाराने ठरवलेल्या असतात. एखाद्या वस्तूसमोर उभे राहिल्यावर मनात जे पहिल्याने हलते, ते मात्र निखालस त्याचे असते. पुढे त्याला पुष्कळ शिकायचे आहे, आणि त्यातून ते पहिले हलणे बदलेलही. पण ते ओळखण्याची सवय जर लागलीच नाही, तर मोठेपणी त्याला दंगलीचे छायाचित्र पाहून काय वाटले, लिलावाचा आकडा ऐकून काय वाटले, हेही दुसऱ्याला विचारावे लागेल.

आपण दिल्लीत असाल तर जयपूर हाउसमधले राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. मुंबईत त्याच संस्थेचे दालन १९९६ पासून आहे. भोपाळला भारत भवन, बडोद्याला विद्यापीठाची कलाशाळा, कोचीला द्वैवार्षिक प्रदर्शन. यांपैकी काहीच जवळ नसेल, तर गावातल्या कलाशाळेचे वार्षिक प्रदर्शन असेल. तेथे जावे, आणि एकाच कृतीपुढे दहा मिनिटे उभे राहावे. बाहेर आल्यावर कुणी 'कसे वाटले?' म्हणून विचारले, तर सांगायला 'छान' याहून थोडे अधिक आपल्याजवळ असेल, आणि ते आपले स्वतःचे असेल.